वायरीतला सिग्नल कोण खातंय?

एक्स-टेन किंवा तसल्याच, घरातल्या विजेच्या वायरींतूनच दिव्यांना आज्ञा पाठवणाऱ्या यंत्रणेतला दिवा बटण दाबूनही लागला नाही की बरेच जण थेट मॉड्यूल (आज्ञा ऐकून दिवा लावणारा डबा) बदलायला निघतात. जरा थांबा. मॉड्यूल बहुतेक वेळा ठणठणीत असतं, सिग्नलच तिथवर पोचत नसतो. एक तर त्याच वायरिंगवर कुणीतरी गोंगाट करत असतं, नाहीतर कुणीतरी गपचूप सिग्नल गिळत असतं. सगळे गोंगाटाच्या मागे लागतात. मला मात्र गिळणारेच जास्त भेटलेत.

एक्स-टेन ही १९७५ सालची, स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सची करामत. विजेचं व्होल्टेज शून्यातून जातं त्या क्षणी ती १२० किलोहर्ट्झचा, मिलिसेकंदभराचा झटका वायरीत सोडते. आता टीव्ही किंवा कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उघडा (प्लग काढून, आणि आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात हे ध्यानात ठेवून). वायर आत येते तिथेच फेज आणि न्यूट्रलमध्ये एक चौकोनी कपॅसिटर बसलेला दिसेल. समजा तो ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. ५० हर्ट्झच्या विजेला तो सुमारे ३२ हजार ओहमचा, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखाच. पण १२० किलोहर्ट्झला तो जेमतेम १३ ओहमचा! सिग्नल तुमच्या दिव्याकडे कशाला जाईल? सर्ज प्रोटेक्टर लावलेले एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस यांचीही हीच खोड.

म्हणून शोधताना उपकरण त्याच्या बटणाने बंद करून भागत नाही. कपॅसिटर बटणाच्या अलीकडे असला तर तो तसाच जोडलेला राहतो. प्लगच काढा. आधी संशयित सगळे प्लग काढून दिवा ऐकतो का बघा. ऐकला तर निम्मे परत लावा, पुन्हा तपासा, आणि असं निम्म्या-निम्म्याने गुन्हेगारापर्यंत या. कधीकधी गुन्हेगार दोघे असतात, त्यामुळे एक सापडला म्हणून तपास थांबवू नका.

गोंगाट ओळखणं त्यामानाने सोपं. उपकरण चालू केलं की बिघाड, बंद केलं की सगळं सुरळीत. संध्याकाळी दिवे लागले की यंत्रणा बहिरी होत असेल तर स्वस्तातले एलईडी बल्ब आणि चार्जर आधी तपासा. सेलवर चालणारा एएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून बोर्डाजवळून फिरवा, खरखर वाढते तिथे पाहा. पण गिळणाऱ्याला हा रेडिओ पकडत नाही, तो आवाजच करत नाही.

उपाय म्हणजे प्लग-इन फिल्टर, उपकरण आणि सॉकेट यांच्या मधे. तो उपकरणाला सिग्नल गिळू देत नाही, गोंगाटही बाहेर सोडत नाही. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, स्पीकर एकाच बोर्डावर असतील तर अख्ख्या बोर्डाला एकच फिल्टर पुरतो, फक्त त्यावर लिहिलेला अँपिअरचा आकडा सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा. ट्रान्समीटर (आज्ञा पाठवणारं यंत्र) मात्र चुकूनही फिल्टरच्या, यूपीएसच्या किंवा सर्ज बोर्डाच्या पलीकडे लावू नका. बल्बला फिल्टर लावत बसण्यापेक्षा बल्ब बदला.

एक लक्षण वेगळंच असतं: दोन फेजवर चालणारा मोठा हीटर किंवा ओव्हन चालू असेल तेव्हाच दिवा ऐकतो. म्हणजे ट्रान्समीटर एका फेजवर, मॉड्यूल दुसऱ्या, आणि सिग्नलला त्या उपकरणातून वाट मिळतेय. इथे फेज कपलर लागतो, म्हणजे एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्या फेजवर पोचवणारा जोड. तो मेन बोर्डात बसतो, ते काम इलेक्ट्रिशियनवर सोपवा.

आणि दिवा आपोआप लागत असेल तर खापर लगेच गोंगाटावर फोडू नका. एक्स-टेन प्रत्येक बिटच्या मागोमाग त्याचा उलटा बिटही पाठवते, त्यामुळे नुसत्या खरखरीतून अख्खी आज्ञा तयार होणं कठीण. आधी हाउस कोड (एका घराची यंत्रणा दुसऱ्या घरापासून वेगळी ठेवणारी खूण) बदलून बघा, शेजाऱ्याकडेही तीच यंत्रणा, तोच कोड असू शकतो. सोळा कोड आहेत, पण कारखान्यातून आलेला पहिलाच बहुतेक जण तसाच ठेवतात.