स्वीडनला शिकायला निघालात? जाकीट राहू द्या, घराचं बघा

प्रवेशाचे निकाल लागले की मेसेज सुरू होतात. दादा, जाकीट कुठलं घेऊ? थर्मल किती घेऊ? अरे, राहण्याचं काय केलंत? घराच्या रांगेत नाव घातलंत का? नसेल तर आधी ते करून या, पुढचं नंतर वाचा.

कॉलेज मिळालं की हॉस्टेल मागोमाग येतं, ही आपली समजूत डोक्यातून काढून टाका. तिकडे शिकवणारे वेगळे आणि घरं देणारे वेगळे. स्टॉकहोमला एसएसएसबी, लुंडला एएफ, गोथेनबर्गला एसजीएस, अशा प्रत्येक गावच्या विद्यार्थी-घरांच्या संस्था आहेत. तिथे खोली रांगेने मिळते आणि रांग दिवसांत मोजतात. ज्याचे दिवस जास्त, खोली त्याची. मार्क, ओळख, विनवणी, काही चालत नाही. काही ठिकाणी विद्यार्थी संघटनेचं सभासदत्व लागतं, तेव्हा आपल्या गावचे नियम नीट वाचा. पण वाचत महिना घालवू नका.

फी भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना बरीच विद्यापीठं सुरुवातीला खोली देतात, हे खरं. पण त्याचा अर्ज वेगळा, शेवटची तारीख वेगळी, आणि तो आपणहून भरावा लागतो. एवढी फी भरली म्हणजे खोली आलीच, असं मी धरून चाललो होतो. तारीख गेली आणि हिवाळा लोकांच्या सोफ्यांवर काढला. म्हणून पुन्हा सांगतो: विद्यापीठाचा घराचा अर्जही भरा आणि रांगेतही नाव घाला. खोली मिळाली तरी नाव घाला, कारण ती बहुतेक वेळा पहिल्या वर्षापुरतीच असते. दुसऱ्या वर्षी तुम्हाला रांगेत साठवलेले दिवसच कामाला येतात.

आता निवासी परवाना. फीचा पहिला हप्ता भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. राहण्याखाण्याचे पैसे, महिन्याला दहा हजार क्रोनांच्या वर, तुमच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात दिसायला हवेत. बाबांच्या नावची एफडी दाखवून भागत नाही, मग ती कितीही मोठी असो. पासपोर्टची मुदतही आत्ताच बघा. परवाना पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही, आणि तो वर्षापेक्षा कमी निघाला तर पुढचं सगळं लंगडतं.

पुढचं म्हणजे पर्सनल नंबर, तिथला ओळख क्रमांक. तो स्कॅटेव्हर्केटकडून, म्हणजे तिथल्या कर खात्याकडून मिळतो. वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तरच. त्याच्या जोरावर ओळखपत्र, मग बँकेचं खातं, मग बँकआयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख, मग मोबाइलवरून पैसे द्यायचं स्विश. स्विश आपल्या यूपीआयसारखंच, पण या क्रमाने गेल्याशिवाय हाती लागत नाही. पोचलात की पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका. तोवर इथून नेलेलं फॉरेक्स कार्ड वापरा. रोकड फार नेऊ नका, कित्येक दुकानं घेतच नाहीत.

आणि या नंबरचं पत्र पोस्टाने पत्त्यावर येतं. पोस्टमन दारावरचं नाव वाचतो. तुमचं नाव तिथे नसेल तर पत्र परत. कुणाकडे तात्पुरते राहत असाल तर पत्त्यात ‘सी/ओ’ लिहून त्या माणसाचं नाव घाला, सगळीकडे घाला. घर नाही म्हणजे पत्ता नाही, पत्ता नाही म्हणजे नंबरचं पत्र नाही, आणि पत्र नाही तोवर खातंही नाही. घराचं एवढं का घोकतोय ते कळलं असेल. आणि उशीर झालाच तर घाबरून, खोली न बघता, ओळख नसलेल्या कुणाला आगाऊ भाडं पाठवू नका. ऑगस्टमध्ये फसवणारे अशांच्याच शोधात असतात.

बॅग. कपड्यांचं तुम्हाला आईच सांगेल. जाकीट तिकडेच घ्या, म्युरोर्नासारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगलं मिळतं. पुण्यातलं ‘मनालीवालं’ जाकीट जानेवारीत हसं करून घेतं. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणारा, आणि जास्तीची रिंग. गोडा मसाला, भाकरवडी खुशाल न्या. तूप, पेढे, बर्फी नाही: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. आजीला हे आधीच सांगा, विमानतळावर जायच्या दिवशी नको. दात इथेच दाखवून घ्या, तिकडे खिसा रिकामा होतो. चष्म्याची जास्तीची जोडी.

पोचल्यावर: लाडोकमध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या ऑनलाइन नोंदणी-व्यवस्थेत, कोर्सची नोंदणी वेळेत करा, नाहीतर जागा जाते. बऱ्याच विद्यापीठांत परीक्षेलाही आधी नाव नोंदवावं लागतं. नाही नोंदवलंत तर बसू देत नाहीत. वर्ग बहुतेकदा लिहिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांनी सुरू होतो, मात्र परीक्षेला हे धरू नका. उप्साला किंवा लुंडला असाल तर एखाद्या ‘नेशन’चे, म्हणजे तिथल्या जुन्या विद्यार्थी मंडळाचे, सभासद व्हा. जेवण स्वस्त, ओळखी होतात, आणि काहींच्या स्वतःच्या खोल्याही असतात. त्यांची रांग वेगळी. हो, तिथेही नाव घाला.

अंधार. स्टॉकहोमला डिसेंबरात दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. सायकलला दिवे लावा, कायदाच आहे. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरला विचारून घ्या.

कपडे धुवायची खोली सामायिक असते, पाळी आधी लावावी लागते. वेळ संपली तरी तुमचे कपडे मशीनमध्ये राहिले तर दारावर चिठ्ठी चिकटते, आणि ती गोड नसते.