प्रारूप विकास आराखड्यावर हरकत कशी नोंदवावी

पुण्याभोवतीची शेतजमीन रहिवासी विभागात जाते ती आधी कागदावर; जेसीबी पुष्कळ नंतर येतो. म्हणून शहराच्या अस्ताव्यस्त पसरण्याला आक्षेप घ्यायचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप आराखडा (कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा कच्चा आराखडा) प्रसिद्ध झाल्यावर दिलेल्या मुदतीतच लेखी हरकत दाखल करावी.

प्रथम नियोजन प्राधिकरण कोणते, याची खात्री करावी. गाव महापालिकेत आले म्हणजे आराखडाही महापालिकाच करते, असे नाही. २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांचे नियोजन शासनाने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) सोपवले होते.

त्यानंतर विद्यमान आणि प्रस्तावित जमीन वापराचे नकाशे शेजारी ठेवून सातबाऱ्यावरील गट क्रमांक शोधावा. खरे काम इथेच आहे आणि बहुतेक जण नेमके हेच टाळतात. विद्यमान नकाशातला ओढा प्रस्तावित नकाशात कायम आहे का, टेकडीच्या उतारावर रहिवासी विभागाचा पिवळा रंग चढला आहे का, नव्या रहिवासी पट्ट्याला जोडणारा रस्ता सलग आहे की मध्येच तुटतो, हे एकेक गट घेऊन तपासावे.

‘काँक्रीटचे जंगल होईल’ या वाक्याने सुनावणीत काहीही साधत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘गट क्र. अमुक येथील प्रस्तावित रहिवासी विभागातून ओढा वाहतो, तो नकाशात दाखवलेला नाही. या भागात नळाचे पाणी नसून आजच टँकर लागतात. सबब हे क्षेत्र शेती विभागातच ठेवावे.’ सोबत सातबारा, मोजणी नकाशा व छायाचित्रे जोडावीत. घरांची गरज नाकारू नये, पर्याय सुचवावा; मेट्रो स्थानकांभोवतीच्या ५०० मीटर क्षेत्रात वाढीव एफएसआयची, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात जास्त बांधकामाची, तरतूद आहे, तिथे पाणी, मलनिःसारण आणि वाहतूक आधीच पोहोचलेली असते.

एका अर्जात एकच मुद्दा असावा आणि आवक विभागाची शिक्का असलेली पोच घ्यावी. नियोजन समितीच्या सुनावणीला स्वतः जावे, नकाशाची मोठी प्रत न्यावी. वेळ थोडाच मिळतो.

आराखडा मंजूर झाल्यावरही कलम ३७ खाली फेरबदल होत राहतात. त्यांच्या जाहीर सूचना वर्तमानपत्रात बारीक टाइपात छापून येतात आणि हरकतीसाठी एकच महिना मिळतो. तेव्हा गावातल्या कुणीतरी त्या नियमित पाहण्याची जबाबदारी घ्यावी.