मेलाटोनिन घेऊनही झोप येत नाही? या चुका टाळा

मेलाटोनिनला झोपेची गोळी समजलं जातं आणि गडबड तिथूनच सुरू होते. अंधार पडू लागला की मेंदूतली पिनियल ग्रंथी हे संप्रेरक सोडते. ‘रात्र झाली’ एवढाच त्याचा निरोप. म्हणून गोळी किती मिलिग्रॅमची यापेक्षा ती किती वाजता घेतली, याला जास्त महत्त्व आहे.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. तासभर कूस बदलून कंटाळल्यावर गोळी घेतात. ती झोपायच्या १ ते २ तास आधी, रोज ठरावीक वेळी घ्यायची. पहाटे दोन-तीनशिवाय डोळाच लागत नसेल, तर शरीराचं घड्याळच उशिरावर सरकलेलं असतं. अशा वेळी डॉक्टर लहान मात्रा नेहमीच्या झोपेच्या बरेच तास आधी घ्यायला सांगतात. पहाटे जाग आली म्हणून गोळी घेतलीत, तर घड्याळ आणखी उशिरावर सरकू शकतं, शिवाय सकाळी डोकं जड. आणि गोळी घेऊन लख्ख उजेडात मोबाइल बघत बसलात, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेतल्यासारखंच!

गुण आला नाही की थेट १० मिलिग्रॅम, ही दुसरी चूक. ०.५ किंवा १ मिलिग्रॅमपासून सुरुवात करा, आठवडाभर पाहा, मग हवं तर ३ पर्यंत जा. मात्रा वाढली की झोप वाढेलच असं नाही. डोकेदुखी आणि दुसऱ्या दिवशीची पेंग मात्र वाढते. साध्या गोळीतलं मेलाटोनिन साधारण तासाभरात निम्मं होतं, त्यामुळे मध्यरात्री मोडणाऱ्या झोपेवर ती फारशी चालत नाही. हळूहळू विरघळणारी गोळी घेत असाल तर ती तोडू किंवा चावू नका.

लेबलवरही डोळे मिटून विश्वास नको. अमेरिकेत २०२३ मध्ये मेलाटोनिनच्या गमींची (चघळायच्या गोड गोळ्यांची) २५ उत्पादनं तपासली, त्यातल्या २२ वरचा आकडा चुकीचा निघाला. एकात तर छापल्याच्या तिपटीहून जास्त मेलाटोनिन होतं. स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेलंच उत्पादन घ्या.

फ्लुव्हॉक्सामिन या नैराश्यावरच्या औषधामुळे रक्तातलं मेलाटोनिन कित्येक पटींनी वाढतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसोबत रक्तस्रावाचा धोका असतो. ही औषधं, फिट्सची औषधं किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळीनंतर गाडी चालवू नका, मद्यही नको.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं यावर मेलाटोनिन हा उपाय नव्हे, तिथे तपासणीच हवी. निद्रानाश ३ महिन्यांहून जुना असेल, तर त्यावरचा पहिला उपचार म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धती, गोळी नव्हे.