कॅबिनेट उघडण्याआधी

आधी डेस्कटॉप कॉम्प्युटर नीट शटडाउन करा, मागून पॉवर केबल काढा आणि मग समोरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. टेबल मोकळं हवं आणि उजेड भरपूर. फुलीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर, स्क्रू ठेवायला वाटी आणि चार्ज केलेला मोबाइल एवढं पुरतं. मोबाइल फोटोंसाठी. पॉवर बटण, रीसेट आणि एलईडीच्या बारीक वायरी मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डच्या, खालच्या कडेला येतात, तिथला फोटो अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून घ्या. बाकीचे कनेक्टर सहसा चुकीच्या जागी बसतच नाहीत, या वायरी मात्र कुठेही बसतात.

आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथेच उतरू दे.

आतल्या भागांची ओळख एसएमपीएसपासून, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यापासून सुरू करा, कारण वायरींचा माग काढत गेलं की बरंच काही आपोआप सापडतं. २४ पिनांचा रुंद कनेक्टर मदरबोर्डला जातो, चार किंवा आठ पिनांचा वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी, आणि १५ पिनांचा चपटा साटा कनेक्टर हार्डडिस्कला. एम.टू एसएसडीला, म्हणजे चपट्या पट्टीसारख्या डिस्कला, वायरच नसते. ती बोर्डवर आडवी पडलेली असते, कधी हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या) पट्टीखाली. एसएमपीएसचा डबा मात्र अजिबात उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर जोरदार झटका देऊ शकतात.

काही काढून बघायचंच असेल तर रॅम काढा. कोणत्या स्लॉटमध्ये होती ते आधी बघून ठेवा, मग टोकाची क्लिप दाबून, कडा धरून सरळ वर उचला; सोनेरी पट्ट्यांना बोट नको. खाच बरोबर मध्यावर नसते, म्हणून रॅम उलटी बसत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्हींना २८८ पिना, पण खाचेची जागा वेगळी. परत बसवताना 'टक' होईपर्यंत दाबावं लागतं, आणि पहिल्यांदा तेवढा जोर लावायला हात धजावत नाही.

नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावायची) हाताशी नसेल तर प्रोसेसरवरचा हीटसिंक हलवू नका. एएमडी प्रोसेसरच्या एएम४ सॉकेटवर तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर हीटसिंकसकट उपटून येऊ शकतो, आणि मग वाकलेल्या पिना सरळ करत बसा! मदरबोर्डवरची गोल सीआर२०३२ बॅटरीही राहू द्या, नाहीतर घड्याळ मागे जाईल.

ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल परत कार्डलाच लावा. चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर पुन्हा प्लग काढून आधी रॅम दाबून बघा.