बिली जोएलचा पहिला अल्बम खऱ्या वेगात कसा ऐकावा

'पियानो मॅन' या अल्बमच्या दोन वर्षं आधी, १९७१ मध्ये, फॅमिली प्रॉडक्शन्सने अमेरिकन गायक-पियानोवादक बिली जोएलचा 'कोल्ड स्प्रिंग हार्बर' काढला. मास्टरिंगमध्ये (तबकडीसाठी शेवटची प्रत तयार करताना) वेग चुकला, गाणी जलद झाली आणि आवाज विनाकारण चढा, बारीक ऐकू येऊ लागला. १९८३ च्या आवृत्तीत वेग सुधारला, पण मिक्स नवं, काही वाद्यं बदललेली आणि 'यू कॅन मेक मी फ्री' बरंच कापलेलं. मूळ वादन ऐकायचं तर जुनी तबकडीच दुरुस्त करावी लागते, आणि ते कष्ट घेण्याजोगी ही गाणी नक्की आहेत.

आधी टर्नटेबलचा वेग स्ट्रोब तबकडीने (रेघा छापलेली चकती; वेग बरोबर असेल तर विजेच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात) तपासा: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी विजेच्या ५० हर्ट्‌झला १८० रेघा, ६० हर्ट्‌झला २१६. पुष्कळ एलईडी दिवे विजेच्या तालावर लुकलुकत नाहीत, त्यांच्या उजेडात रेघा फसवतात. टर्नटेबलचा पिच स्लायडर शून्यावरच ठेवा. खोट तबकडी कापण्याआधीची आहे, म्हणून प्रीअँपची (तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) आरआयएए दुरुस्ती, म्हणजे तबकडी कापताना बदललेला खालच्या-वरच्या सुरांचा तोल पूर्ववत करणं, ३३⅓ वरच बरोबर बसते.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर रेकॉर्ड करा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत हवा. खरखर, टकटक आत्ताच काढा.

आता पियानोचे लांबलेले सूर ट्यूनरवर (सूर मोजणारं यंत्र किंवा अ‍ॅप) बघा, 'ए' स्वर ४४० हर्ट्‌झ धरून. काटा दर १.८ सेकंदांनी झुलत असेल तर तबकडीचं भोक मध्यावर नाही. चार-पाच फेऱ्यांची सरासरी घ्या. खरी चकवणारी जागा पुढे आहे. सूर ७० सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असेल तर ट्यूनर त्याला वरच्या स्वरापेक्षा ३० सेंट उतरलेला दाखवतो. वेग जास्त आहे हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा 'उतरलेला' दिसला की १०० मधून वजा करा.

समजा ४० सेंट निघाले. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग उणे २.२८ टक्के करा. ६० सेंटला उणे ३.४१. फक्त पिच बदलणारा इफेक्ट वापरू नका: लय जलदच राहते आणि पियानोचे आघात पसरट होतात. ४० सेंटच्या दुरुस्तीनंतर १८० सेकंदांचा तुकडा सुमारे १८४ सेकंदांचा व्हायला हवा. लांबी बदलली नसेल तर इफेक्ट चुकला आहे. मूळ फाइलवरून पुन्हा करा.