जीओसीची तयारी: आधी तोंड, मग वही

आमच्या वर्सोव्याच्या घरात रेडिओ म्हणजे बाबांच्या होडीवरचा व्हीएचएफ, जवळच्या पल्ल्याचा सेट. बाबा त्यावर फोनवर बोलावं तसंच बोलतात, "अरे ऐकतंस का?" मीही तशीच शिकले. त्यामुळे डेक ऑफिसर होण्यासाठी जीएमडीएसएसचं (जहाजांच्या संकटकाळच्या रेडिओ यंत्रणेचं) जीओसी, म्हणजे जनरल ऑपरेटरचं सर्टिफिकेट काढायची वेळ आली तेव्हा वाटलं, हे तर घरचंच काम. लेखी निघाली, प्रॅक्टिकलला आपटले.

परीक्षकांनी मेडे, म्हणजे जीव धोक्यात असतानाची मदतीची हाक, द्यायला सांगितला. मी जहाजाचं नाव घेतलं आणि थेट आगीवर पोहोचले. ते म्हणाले, "आग लागली हे कळलं. कुठे, ते कोण सांगणार?"

म्हणून सुरुवात मेडेपासूनच करा. क्रम असा: मेडे तीनदा, दिस इज, जहाजाचं नाव तीनदा, कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखचिन्ह), एमएमएसआय (जहाजाचा नऊ आकडी रेडिओ नंबर). पुन्हा मेडे, नाव, कॉलसाइन, एमएमएसआय. मग पोझिशन, काय झालंय, कसली मदत हवी, माणसं किती, आणखी काही सांगायचं असेल तर ते, आणि ओव्हर. वाचून हे डोक्यात बसत नाही, मोठ्याने म्हणावं लागतं. मी अंधेरी ते चर्चगेट लेडीज डब्यात म्हणायचे, रोज वेगळी पोझिशन घेऊन. एकदा टोपलीवाल्या मावशींनी विचारलं, "कोण बुडालं गं?"

पोझिशन अक्षांश-रेखांशात द्या, नाहीतर ओळखीच्या खुणेवरून बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) आणि अंतर सांगा. बेअरिंग खुणेपासून जहाजाकडे असतं, जहाजापासून खुणेकडे नव्हे. कुलाब्यासमोरच्या प्राँग्स दीपगृहाच्या पश्चिमेला असाल तर 270. मी कितीदा तरी 090 म्हणून मोकळी झाले असेन.

आकडे सुटे बोला. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" रेडिओच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात, "वन फाइव्ह"ला तो धोका नाही. आकड्यांचे आंतरराष्ट्रीय उच्चार मराठी माणसाला जड जाऊ नयेत. पांटाफाइव्हमध्ये पंच आहे, सेटेसेव्हनमध्ये सप्त, ऑक्टोएटमध्ये अष्ट. बिसोटू आणि सॉक्सिसिक्स मात्र घोकावेच लागतात. खरी अडचण आपल्या 'व'ची. व्ही आणि डब्ल्यू आपण एकाच तोंडाने म्हणतो, आणि भारतीय जहाजांच्या कॉलसाइनमध्ये ही अक्षरं येतात. स्पेलिंग सांगताना व्हिक्टर आणि व्हिस्कीच म्हणा.

चॅनल 70 वर कधीही बोलू नका. ते फक्त डीएससीचं, म्हणजे लाल बटणाच्या अलर्टचं. आवाज चॅनल 16 वर. एमएफवर (मध्यम पल्ल्याच्या लहरींवर) हीच जोडी 2187.5 आणि 2182 किलोहर्ट्झ. एचएफचे, म्हणजे लांब पल्ल्याचे, डीएससी आकडे (4207.5, 6312, 8414.5, 12577, 16804.5) मी थर्माकोलच्या मासळीच्या खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहून मोरीसमोर टांगले होते. आईने आठवड्याने काढून टाकलं, तोवर पाठ झाले होते.

तोंडी परीक्षेला हमखास येणाऱ्या गोष्टी: रडारवर सार्टचे (रडारला उत्तर देणाऱ्या शोधयंत्राचे) 12 ठिपके दिसतात, जवळ गेलं की त्यांचे कंस आणि मग वर्तुळं होतात. ते एक्स बँड रडारवरच दिसतात, एस बँडवर नाही. सार्टची बॅटरी 96 तास स्टँडबाय, त्यानंतर 8 तास उत्तर देते. ईपर्बची (उपग्रहाला संकटाचा संकेत देणाऱ्या यंत्राची) 48 तास. उपग्रहासाठी 406 मेगाहर्ट्झ, जवळून शोधायला 121.5. नॅव्हटेक्स (हवामान आणि इशाऱ्यांचे लेखी संदेश) 518 किलोहर्ट्झवर, मुंबई स्टेशनचं ओळख-अक्षर जी.

सीनिअरच्या झेरॉक्सवर विसंबू नका. 1 जानेवारी 2024 पासून सोलासचे (जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) जीएमडीएसएसचे नियम बदलले. समुद्रक्षेत्र ए3 (किनाऱ्याच्या रेडिओपलीकडचं, उपग्रहाच्या टप्प्यातलं) आता सगळ्यांसाठी एकच राहिलेलं नाही, आपल्या जहाजावर कोणत्या मान्यताप्राप्त उपग्रहसेवेचा सेट आहे त्यावर ठरतं. माझ्या हातातल्या नोट्समध्ये इरिडियम या उपग्रहसेवेचं नावही नव्हतं.

सेटवर हात बसवायला मिळेल तेवढा वेळ घ्या. डीएससीचे मेनू प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे अभ्यासाच्या सेटवर जे बोटांना पाठ झालं ते परीक्षेच्या सेटवर भलत्याच पानावर नेतं. प्रॅक्टिकलच्या दुसऱ्या खेपेला माझ्या हातून सरावाचा अलर्ट चुकून गेला. हात थरथरला, पण रद्द करायची रीत तोंडात होती: सेट रीसेट, मग 16 वर सगळ्या स्टेशनांना नाव, कॉलसाइन, एमएमएसआय सांगून अलर्ट रद्द, आणि रेडिओ लॉगमध्ये वेळेसह नोंद. परीक्षक नोंद वाचत होते आणि मी अजून माइकचं बटण दाबूनच उभी होते. त्यांनी बोटाने खूण केली, सोडा.