साइटवर माणसं सांभाळताना: सुपरवायझरच्या वागण्यावर सुरक्षा कशी ठरते

परांचीची एक फळी हलते आहे, हे बहुतेक वेळा कुणातरी बिगाऱ्याला सकाळीच दिसलेलं असतं. तो ते सांगतो की गप्प बसतो, हे साइट चालवणारा कसा वागतो यावर ठरतं. हेल्मेट आणि जाळ्या पुरवून हा प्रश्न सुटत नाही.

सर्वांत धोकादायक सुपरवायझर म्हणजे काहीच न बोलणारा. ओरडत नाही म्हणून तो कामगारांना आवडतो. पण कडेला सुरक्षा बेल्टशिवाय उभ्या असलेल्या माणसाजवळून तो गप्प पुढे गेला, की बेल्ट नसला तरी चालतं हे सगळ्यांना कळतं. मग फलक कितीही मोठा लावा, तो कुणी वाचत नाही. म्हणून पहिला नियम स्वतःसाठी करा: धोका दिसला की त्याच फेरीत थांबायचं आणि बोलायचं.

दरडावणाऱ्याचं नुकसान वेगळं. तो समोर असेपर्यंत बेल्टचे सगळे हुक अडकवलेले असतात, पाठ फिरली की सुटतात. शिवाय दंडाच्या भीतीने किरकोळ इजा लपवली जाते. दंड लावण्याआधी नियम पाळता येण्यासारखा आहे का, ते तपासा. उदाहरणार्थ, पडणाऱ्याला बेल्टने अडवायचं तर 1.8 मीटरचा दोर, शॉक अॅब्सॉर्बर (झटका कमी करायला उलगडणारी पट्टी) उघडल्यावर आणखी सुमारे 1.1 मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत 1.5 आणि राखीव 0.9 धरले, तर हुक अडकवलेल्या जागेखाली साधारण 5.3 मीटर मोकळे हवेत. स्लॅब जमिनीपासून 3 मीटरवर आणि हुक छातीच्या उंचीला असेल, तर माणूस बेल्टसकट जमिनीवर आपटेल. तिथे हवा कठडा: वरची आडवी नळी सुमारे 1 ते 1.1 मीटरवर, मध्ये दुसरी, खाली टो-बोर्ड, म्हणजे पायाशी आडवी फळी. कठडा न लावता बेल्टचा दंड वसूल करणारा आपल्या शब्दाची किंमत स्वतःच घालवतो.

कामगारांना सोबत घेण्याची पद्धत टिकाऊ, पण ती भाषणाने येत नाही. सकाळची दहा मिनिटं जिथे काम आहे तिथेच उभं राहून, कामगारांच्या भाषेत बोला. टोळी दहा-पंधरा जणांची असावी, विषय त्या दिवसाचा एकच धोका. ‘कळलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. एखाद्याला हुक कुठे अडकवणार ते हात लावून दाखवायला सांगा. मग विचारा, ‘आज इथे माणूस कशाने मरू शकतो?’ उत्तर आलं की सांगणाऱ्याच्या देखत दुरुस्ती सुरू करा. लगेच जमणार नसेल, तर तो भाग बंद ठेवून दुरुस्ती केव्हा होईल ते सांगा. दोनदा सांगून काही झालं नाही, तर तिसऱ्यांदा कुणी तोंड उघडत नाही.

खोदकामात हे विशेष सांभाळा. एक घनमीटर माती दीड टनाहून जड भरते. अंगावर आली तर बाहेर काढायलाही वेळ मिळत नाही. खड्डा 1.5 मीटरहून खोल असेल तर शोरिंग (बाजू ढासळू नयेत म्हणून आधार) किंवा उतार द्या, उपसलेली माती कडेपासून किमान 60 सेंटिमीटर दूर टाका, आणि पाऊस पडून गेला की आत कुणी उतरण्यापूर्वी पुन्हा तपासा. ‘दोनच मिनिटं’ म्हणत साइट इंजिनीअर विनाशोरिंग खड्ड्यात उतरला, की हे सगळं फुकट.

सगळीकडे चर्चा मात्र चालत नाही. क्रेनने भार उचलण्याआधी वजन, त्रिज्या (क्रेनपासून भाराचं आडवं अंतर), मार्ग यावर हवं तितकं बोला. भार हवेत गेला की इशारे एकाच सिग्नलमनचे. अपवाद एकच: ‘थांब’ हा इशारा कुणीही दिला तरी ऑपरेटरने थांबायचं.

काम थांबवण्याचा अधिकार कागदावर देणं सोपं आहे. खरी परीक्षा होते, थांबवणाऱ्याची शंका चुकीची निघते तेव्हा. त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या. टोळीचं काम अंगावर असेल, म्हणजे मजुरी तासांवर नसून झालेल्या कामावर मिळत असेल, तर वाया गेलेल्या तासांची मजुरी भरून द्या. नाहीतर पुढच्या वेळी त्याचे सोबतीच त्याला गप्प बसवतील.

मुकादमाला विसरलात तर वरचं काहीच चालत नाही. टोळी त्याने आणलेली, हजेरी त्याच्या हातात. इंजिनीअरपेक्षा त्याचा शब्द जड. स्लॅबची तारीख ठरवताना त्याला बसवा, आणि वेळ कमी पडली तर कोणतं काम पुढे ढकलायचं तेही तिथेच ठरवा. नाहीतर घाईत तो आधी कठडे आणि जाळ्यांचं काम वगळतो.

‘शून्य अपघात’साठी बक्षीस ठेवू नका, त्याने जखमा खिशात जातात. त्याऐवजी थोडक्यात टळलेल्या घटना किती कळवल्या गेल्या आणि त्यांतल्या किती ठरलेल्या दिवशी दुरुस्त झाल्या, हे मोजा. काम जोरात असताना अशा नोंदी अचानक बंद झाल्या, तर सुपरवायझर नवा आला आहे का, की कुणाला नोंद केल्याबद्दल बोलणी बसली, ते आधी विचारा.